गोलामदांची खास शिकवणी

निरुपम सान्यालांच्या दाराशी कायम परक्या चपला दिसत, कारण त्यांच्या लेकीला, तितिरला, प्रत्येक विषयाला वेगळा मास्तर होता. गणिताला एक, रसायनाला एक आणि कविता म्हणायलाही एक. समोर मास्तर बसल्याशिवाय कलकत्त्यातलं मूल श्वास तरी कसं घेतं, असा सान्यालबाबूंना प्रामाणिक प्रश्न पडे.

म्हणून तितिर खिदिरपूरच्या बॉक्सिंग क्लबात जाऊ लागली, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तिथे तुला शिकवतं कोण?"

"सगळेच."

"सगळे म्हणजे कोणीच नाही."

इथवर ठीक होतं. पण चहाच्या अड्ड्यावर त्यांनी थाप ठोकली, की क्लबाचे उस्ताद गोलामदा तितिरला वेगळं शिकवतात. रविवारी क्लबात पोरींच्या लढती होत्या. अख्खा अड्डा बघायला निघाला. आता थाप खरी करणं आलं.

तितिरला वेगळं शिकवा, अशी गळ घालायला सान्यालबाबू पद्मा नदीतला महागडा इलिश मासा घेऊन गोलामदांकडे गेले. गोलामदांनी तो आनंदाने घेतला, क्लबातच शिजवला आणि सगळ्या पोरांना वाटला. तितिरच्या वाट्याला शेपटी आली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा रांगेत दोरीच्या उड्या मारत होती आणि शेजारची रुखसाना तिला कोपर कुठे ठेवायचं ते दाखवत होती. सान्यालबाबूंचा तिळपापड झाला. मग ते स्वतःच रोज खिडकीचे गज धरून उभे राहू लागले. आयुष्यात डासही धड न मारलेला हा माणूस बाहेरून सूचना देऊ लागला.

शनिवारी गोलामदा स्टुलावरून उठून बाहेर आले. "सान्यालमोशाय, खास शिकवणी हवी होती ना?"

सान्यालबाबू खुलले. "तितिरला बोलावू?"

"तिला नाही, तुम्हाला द्यायचीय. पोर चांगली आहे. पण तुम्ही खिडकीत आलात की तिचं लक्ष तुमच्याकडे जातं आणि डावा हात खाली येतो. अशानं नाक फुटतं. उद्या येऊ नका."

"अहो, मी बाप आहे तिचा."

"म्हणूनच सांगतोय. मासेवाल्याला सांगितलं नसतं."

रविवारी अड्डा आत जाऊन पुढे बसला. सान्यालबाबू समोरच्या टपरीवर, क्लबाकडे पाठ करून. आतून घंटा झाली, आरडाओरडा झाला. ते दोनदा अर्धवट उठले आणि परत बसले. हातातल्या चहावर साय धरली.

मग तितिर आली. ओठ सुजलेला, नाक शाबूत.

"बाबा, आत आला नाहीस ना?"

"नाही."

"हरले," ती म्हणाली. त्यांच्या शेजारी बसून तिने त्यांचाच चहा घेतला आणि पहिल्या घंटेपासून सगळं सांगू लागली, कोणी विचारलेलं नसताना. आजवर लेकीची खबर त्यांना मास्तरांकडूनच कळत आली होती. सान्यालबाबूंच्या जिभेवर चांगल्या दोन सूचना आल्या होत्या. त्या त्यांनी गिळल्या.

तेवढ्यात अड्ड्यावरचे घोषबाबू बाहेर आले. "काय हो, हरली की. गोलामदांनी खास शिकवलं होतं ना?"

"मला शिकवलं होतं," सान्यालबाबू म्हणाले. "आता जरा गप्प बसा, ती सांगतेय."