गिळलेल्या अक्षता

मित्रांनो, मी एक जुना डिस्क ड्राइव्ह आहे. केळशीला गोदूबाईंच्या घरातल्या कॉम्प्युटरच्या पोटात राहतो. बटण दाबलं की माझा ट्रे बाहेर येतो, त्यावर चकती ठेवली की मी ती फिरवून वाचतो. काम एवढंच. पण एवढ्याशा कामातही असा घोळ घातला की तुम्हांला तोंड दाखवायची लाज वाटते.

नवा होतो तेव्हा माझा थाट काय सांगू! गोदूबाईंचे यजमान केरू म्हणजे होडीवरचे तांडेल, आणि शिमग्यात नमनाचे गायक. दापोलीच्या एका स्टुडिओत त्यांनी एका चकतीवर दोन गाणी भरून घेतली होती. पहिलं गणपतीचं. दुसरं स्वतः रचलेलं, गोदूबाईंच्या रागावर. ते लागलं की बाई लटक्या रागाने चुलीपाशी जायच्या आणि तिथूनच कान देऊन ऐकायच्या. पुढे लोक मोबाइलवर गाणी ऐकू लागले आणि मला कुणी विचारेना.

तीन वर्षांपूर्वी केरू तांडेल वारले. त्यांचा आवाज त्या एकाच चकतीत उरला. दर वर्षी त्यांच्या तिथीला ती लागायची, म्हणून घरात माझी आठवण राहिली.

यंदा दसऱ्याला गोदूबाईंनी होडीच्या इंजिनाची पूजा केली, जाळी विणायच्या सुईची केली, मग कॉम्प्युटरकडे वळल्या. पुसता पुसता माझ्या बटणाला हात लागला आणि ट्रे बाहेर आला. बाईंना वाटलं, देवानं पाट पुढे केला. त्यांनी त्यावर हळदीच्या अक्षता ठेवल्या. ट्रे आत गेला, तशा त्या हरखून म्हणाल्या, "घेतलान गो!"

मलाही मेल्याला चढलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपली पूजा केली! ट्रेवरून आत सांडलेल्या अक्षता गिळून मी गप्प बसलो.

पंधरवड्यात त्यांच्या सुनेनं, शमिकानं, शाळेच्या कामासाठी कॉम्प्युटर अपग्रेड केला. नवी सिस्टीम आली आणि मी गायब! माझा दिवा लागायचा, ट्रे उघडायचा, पण पडद्यावर माझं नाव दिसेना. तिथी दोन दिवसांवर आलेली. गोदूबाई सुनेशी बोलायच्या थांबल्या. शमिका बिचारी जेवणावरून उठून माझ्या मागे लागायची. केबल काढून लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये माझ्या नावापुढे पिवळी खूण दिसली. तिनं मला तिथून काढून टाकलं, पुन्हा कॉम्प्युटर चालू केला आणि मी ओळखीचा झालो. खरं तर तेव्हाच मी अडून बसायला हवं होतं. पण सापडल्याचा आनंद मोठा होता, त्यापुढे पोटातल्या तांदळाची कुणाला पर्वा!

तिथीच्या सकाळी चकती लागली. गणपतीचं गाणं स्वच्छ वाजलं. गोदूबाईंनी पदर तोंडाला लावला. दुसरं सुरू झालं, केरू तांडेलांनी "गोदू" अशी हाक घातली, आणि माझ्या पोटात तांदूळ उडाले. खर्रर्र झालं. थांब म्हणण्याची सोय आमच्या जातीला नाही, कुणी थांबवेपर्यंत फिरायचं. मी फिरत राहिलो.

शमिकानं चकती काढली तर तिच्यावर दुसऱ्या गाण्याच्या जागी गोल ओरखडा. ती रडायलाच लागली. म्हणाली, अपग्रेड मी केला, आई, सगळी चूक माझी.

गोदूबाईंनी ट्रेमधला पिवळा दाणा चिमटीत उचलला. मग सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रडू नको गो. हे माझ्या हातचं हाय. पूजा करताना मीच ठेवलेले. तुला उगाच दोष दिला."

मला मात्र कुणी बोललं नाही. शमिकानं मला उघडून ब्रशने साफ केलं आणि पहिलं गाणं चार ठिकाणी उतरवून ठेवलं. दुसरं पुष्कळ प्रयत्न करूनही उतरलं नाही.

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा, पण फडक्याने करा. आणि आपल्या माणसाचा आवाज एकाच जागी ठेवून निर्धास्त राहू नका. दुसरी प्रत आजच करा. केरू तांडेलांचं ते गाणं अथपासून इतिपर्यंत आता दोघांनाच पाठ आहे, गोदूबाईंना आणि मला. बाईंना ते म्हणायला घेतलं की रडू फुटतं, आणि मला गाता येत नाही.