मागच्या पानावरचं उत्तर

दहावीतलं मूल घरात असलं की संध्याकाळी काय होतं, ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. १९९१ साली भिवंडीतल्या दातारांच्या घरीही तेच होत होतं. श्रीनाथ दातार कचेरीतून आले, की चहा घेऊन मुलीच्या, माधवीच्या, गणिताच्या वहीसमोर बसत. एका हातात गाईड, दुसऱ्या हातात लाकडी पट्टी. शेजारच्या लूमच्या खडखडाटातही त्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येई.

त्या दिवशी त्रिकोणमिती होती. मनोऱ्यापासून तीस मीटरवर उभं राहिलं, तर शेंडा साठ अंशांच्या कोनात दिसतो. मनोऱ्याची उंची किती? माधवीने उत्तर काढलं, तीस रूट तीन.

श्रीनाथांनी गाईडचं मागचं पान उघडलं. "दहा रूट तीन आहे. पुन्हा कर."

पुन्हा तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदाही तेच आलं, तेव्हा पट्टी तिच्या बोटांवर बसली. आई, सुमती, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

चौथ्या वेळी उत्तर आलं, दहा रूट तीन.

"आता कसं आलं?" श्रीनाथ म्हणाले.

इतक्यात वरच्या मजल्यावरचे तात्या पेपर परत द्यायला आले. सारा जन्म गणित शिकवण्यात गेलेला माणूस. त्यांनी वही सहज उचलली आणि कपाळाला आठी पडली.

"माधवी, टॅन साठ म्हणजे किती?"

"रूट तीन."

"मग इथे एक भागिले रूट तीन का लिहिलंस?"

ती खाली बघत म्हणाली, "त्याशिवाय मागचं उत्तर येत नव्हतं."

"श्रीनाथ," तात्या म्हणाले, "पंचेचाळीस अंशांना उंची आणि अंतर सारखं असतं. इथे तर साठ आहेत, म्हणजे मनोरा तीस मीटरहून उंचच हवा. दहा रूट तीन म्हणजे जेमतेम सतरा. गाईड चुकलंय. पोरगी पहिल्यापासून बरोबर होती."

ते वहीची आधीची पानं उलटू लागले. कुठे वजाचं अधिक झालं होतं, कुठे मधली पायरीच गाळली होती. गाईडातलं उत्तर यावं म्हणून जुळवलेली अशी अकरा गणितं निघाली. मुलगी सुधारली म्हणून श्रीनाथ महिनाभर याच वहीवर खूश होते.

"अडलं होतं तर मला विचारलं का नाहीस?" श्रीनाथांचा आवाज चढला.

माधवीचे हात आपोआप पाठीमागे गेले.

ते पाहून श्रीनाथांनी आपल्या हातातल्या पट्टीकडे बघितलं.

"मारानं मूल गणित शिकत नाही," तात्या हळू आवाजात म्हणाले. "मार चुकवायला शिकतं. बोर्डाच्या पेपराला मागचं पान नसतं, श्रीनाथ."

मग श्रीनाथांनी पट्टी सुमतीच्या हातात दिली.

"माझं चुकलं, माधवी. टॅन साठ किती, ते मलाच ठाऊक नव्हतं. मी नुसतं मागचं पान बघत होतो. ही अकराही पुन्हा करू. अडशील तिथे सांग."

पहिलं गणित सुटलं. दुसऱ्यात पेन्सिल थांबली. तिने बाबांकडे पाहिलं, जरा वेळ घेतला आणि म्हणाली, "इथे अडलं."

"कुठे? दाखव बघू," म्हणत श्रीनाथ पुढे सरकले.

आईबापांनो, मुलाचं चुकलेलं उत्तर सुधारता येतं. पण 'मला येत नाही' म्हणायची भीती एकदा मनात बसली, की मूल खोटं खऱ्यासारखं मांडायला शिकतं, आणि ती सवय गणिताच्या वहीपुरती राहत नाही.