आईची मान हलेपर्यंत

सहावं मिनिट सरलं, तरी कुणी हललं नाही. स्मारकाच्या करड्या दगडासमोर गाव माना खाली घालून उभं होतं, आणि त्या शांततेत आता श्रद्धेपेक्षा अवघडलेपणच अधिक दाटलं होतं. पोस्टमन सायकलवरून उतरता उतरता तसाच थिजला होता: एक पाय जमिनीवर, दुसरा पेडलवर. स्मारक समितीच्या अध्यक्षांच्या हातातलं चौदा पानी भाषण घामाने मऊ पडत चाललं होतं.

शिंपी बिगुल ओठांशी धरून आपल्या आईकडे पाहत होता.

या गावची रीतच तशी. स्तब्धता घड्याळावर मोजायची नाही. दगडावर ज्यांची नावं कोरली आहेत, त्यांच्या आयांपैकी सर्वांत वयस्कर जी असेल, तिने मान हलवायची; आणि ती म्हणजे शिंप्याचीच आई. मगच बिगुल वाजायचा. गेल्या वर्षी अध्यक्षांनी खाकरून डोळे वटारले, आणि शिंप्याने घाबरून आईच्या आधीच फुंकर मारली. जेमतेम सतरा सेकंद! लढाईत गेलेल्या थोरल्या भावाच्या वाट्याला सतरा सेकंद! त्या दिवसापासून आईने त्याच्याशी अबोला धरला होता. जेवणाचं ताट पुढे सरकायचं, शब्द मात्र नाही. त्या वर्षभराच्या ताग्यापुढे ही सहा मिनिटं म्हणजे नुसती चिंधी. यंदा चुकलं, तर ती उरलेलं आयुष्यही अशीच काढील, हे तो पुरतं जाणून होता.

आई पुढच्या खुर्चीत होती. डोळे मिटलेले, हनुवटी काठीवर टेकलेली.

"म्हातारी झोपलीय," पोस्टमन ओठ न हलवता पुटपुटला.

"वाजव रे बाबा!" अध्यक्ष दातांतून बोलले. "पाठ धरली माझी."

"त्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या," मागून पोस्टमनची बायको फिसकारली, "आणि तुमची मेली पाठ!"

यानंतर हलण्याची कुणाची प्राज्ञा होती?

नवव्या मिनिटाला ऊन सरकत सरकत दगडावरच्या अक्षरांपर्यंत आलं. थोरल्याचं नाव उजळलं. इतकी वर्षं आपण त्या नावासमोर उभे राहिलो, पण ते वाचलं आजच, असं शिंप्याला वाटून गेलं.

आणि आईची मान हलली.

पहिला सूर बेडकाच्या घशातून निघावा तसा निघाला. शेवटचा मात्र बिनगाठीच्या दोऱ्यासारखा लांबवर, सरळ गेला. अख्खं गाव पोटऱ्या चोळत मटकन खाली बसलं. अध्यक्षांनी "बंधुभगिनींनो" म्हणून पाहिलं. बंधू पाय झाडत होते, भगिनी कण्हत होत्या.

आई काठी टेकत शिंप्यापाशी आली.

"यंदा घाई केली नाहीस," ती म्हणाली. "चल घरी. भूक लागली असेल."

तो बिगुल काखोटीला मारून निघाला. पण जीभ कुठली गप्प बसायला!

"आई, खरं सांग. डोळा लागला होता ना तुझा?"

तिने पदर सारखा केला, काठी उचलली आणि मागे न बघता घराच्या वाटेला लागली.