हात धरण्याआधी

मुनीराचा अंगठा तिच्या नकळत हलत होता. समोर बसलेल्या सहकारी नर्सची, रामझाची, अनामिका तिने हातात घेतली होती आणि सुई टोचण्याआधी रक्त पुढे यावं म्हणून चोळतात, तसं बोटाचं टोक ती चोळत होती. तोंडाने मात्र विचारत होती, "तुम्हाला काही बोलावंसं वाटतंय का?"

प्रशिक्षणातल्या सरावासाठी लढाईत घरदार गमावलेल्या बाईचं सोंग रामझाने छान वठवलं होतं. आता तिने ते सोडून दिलं.

"बाई गं, तू माझं दुःख ऐकतेयस की साखर बघतेयस?"

आरोग्य केंद्राच्या वरच्या खोलीत जमलेल्या सगळ्या नर्स हसल्या. मुनीराने चटका बसल्यासारखं बोट सोडलं.

राजधानी साराएव्होहून शिकवायला आलेल्या डॉक्टर विल्दाना हसल्या नाहीत. ज्याच्यावर एकदा बळजबरी झाली आहे, तो माणूस आपल्या शब्दांकडे नाही, हातांकडे बघत असतो, असं त्यांनी सांगितलं. आधी विचारायचं. मग थांबायचं. 'नाही' आलं, तर ते 'नाही'च समजायचं. आपण सगळेच त्या लढाईतून आलोय, आपल्याला हे कोण शिकवणार, असं मुनीराला सकाळपर्यंत वाटत होतं. आता ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी ती आईकडे गेली. आईने दार उघडलं आणि नेहमीसारखे दोन्ही हात एप्रनखाली घेतले. लेक आली की आईचे हात एप्रनखाली जातात, हे मुनीराने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. म्हातारीला थंडी वाजते, असंच ती धरून चालली होती. आज स्वतःचा अंगठा आठवून उंबरठ्यावरच तिचे पाय थबकले.

भाऊ एधेमला लढाईच्या पहिल्या उन्हाळ्यात सैनिक पकडून घेऊन गेले, तो परतलाच नाही. पुढे डोंगरात पुरलेली हाडं सापडली. ती कुणाची, हे ठरवायला नातलगांचं रक्त लागत होतं. मुनीराने आपलं कधीच दिलं होतं, पण बहिणीच्या रक्ताने खात्री होईना. वडील त्याआधीच गेलेले. उरली आई. बोटातले चार थेंब पुरले असते. आईचं म्हणणं एकच होतं: रक्त दिलं नाही तोवर तो नुसता घरी आलेला नाही, मेलेला नाही.

इथल्या घरांत कॉफी तीनदा होते. पहिली पाहुणा आल्याची, दुसरी गप्पांची, तिसरी 'आता उठा'ची. मुनीराने रक्ताचा विषय काढला की आई मुकाट्याने तिसरी शेगडीवर चढवायची.

आज दुसरी संपत आली, तरी मुनीराने विषय काढला नव्हता. दोन्ही हात तिने स्वतःच्या मांडीखाली दाबून धरले होते.

"हात भाजले का गं?" आईने विचारलं.

मुनीराने सगळं सांगितलं. रामझाचा टोमणा ऐकून आई खुदकन हसली. तिच्या दातांत कॉफीबरोबर चघळायचा साखरेचा खडा होता, तो तिने दुसऱ्या गालात सारला.

"एवढं शिकायला साराएव्होहून डॉक्टरीण आणावी लागली?"

"लागली."

"आणि विचारल्यावर कुणी नाही म्हणालं तर?"

"तर नाही."

"मग सुई?"

"सुई पिशवीत राहते. आम्ही कॉफी पितो."

आईने आपला कप संपवला. मग उठली आणि कॉफीचं लांब दांड्याचं तांब्याचं भांडं शेगडीवर ठेवलं. मुनीराने ते पाहिलं. विषय न काढताही तिसरी आली होती. ती उठली आणि खुंटीवरचा कोट काढू लागली.

"बस," पाठमोरी आई म्हणाली. "तुला कोण उठवतंय?"

मुनीरा कोट हातात घेऊन तशीच बसली. कॉफी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. आईने ती बिनकानाच्या छोट्या कपांत ओतली. मग ती समोर बसली आणि तिने डावा हात मेजावर ठेवला, तळवा वर करून. वयाने बोटं वाकडी झाली होती. मुनीराने ती इतक्या जवळून पाहिल्याला किती काळ लोटला होता, तिला आठवेना.

मुनीराने हात कोटावरून उचलला नाही.

"विचारू?"

"विचार."

"आई, एधेमसाठी रक्त देशील?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी लावत होतं. आईने एकदा खिडकीकडे पाहिलं.

"देते," ती म्हणाली. "पण सुई दुसऱ्या कुणीतरी टोचायची. तू माझा हात धर."