जांभळ्या दवण्याचा पहिला तुरा

माघाची पहाट उमलत होती. दाभेकड्याच्या पठारावरचे धुके विरळ होत होते, आणि त्या धवल, दवभारल्या पदराआडून रंग उजळत होता. ओळीमागून ओळ, उतारामागून उतार. जांभळा, नीलजांभळा, धूम्रजांभळा.

कधीकाळी इथे नुसता कातळ होता. कातळ, कुसळी गवत आणि उन्हाची निर्दय झळाळी. तरण्या राणोजीने दूरच्या थंड डोंगरांतून लव्हेंडरची रोपे डोक्यावरून आणली, तेव्हा गाव हसले. गावाच्या जिभेला ते नाव पेलेना. गावाने त्याला जांभळा दवणा म्हटले. रोपे जळाली, पुन्हा लावली. कुजली, पुन्हा लावली. मग एका माघात पहिला तुरा फुलला. राणोजीने तो खुडून आपल्या अनसूयेच्या अंबाड्यात खोवला.

गाव पुन्हा हसले, पण या वेळी लाजून. त्या हसण्याचाच पुढे रिवाज झाला: कापणीआधी तुरे सवाष्णींच्या केसांत. शेतामागून शेत जांभळे झाले, उतारावर अर्काच्या भट्ट्या धुमसू लागल्या. रिवाजही वाढला, रुजला, आणि जुन्या खोडासारखा कठीण झाला.

आज राणोजीच्याच शेताची कापणी. बांधावर सवाष्णी उभ्या होत्या, हिरव्या चुड्यांच्या, कुंकुमभरल्या कपाळांच्या. म्हातारी अनसूया त्यांच्या मधोमध. सगळ्यांच्या केसांत तुरे डुलत होते.

त्यांच्यापासून दूर, भट्टीच्या आडोशाला, गोजरा उभी होती. राणोजीची सून. तिचा नवरा शिवराम तापाने गेला, तेव्हापासून शेत तिच्याच हातांवर उभे होते. यंदा अवकाळी पावसाने पाणी साचले, मुळे कुजू लागली, तेव्हा गुडघाभर चिखलात तिने एकटीने चर खणले. शेत वाचले. तिचे तळवे भेगाळले.

पहाटे ओळींतून वाकून तण काढताना एक तुटका तुरा तिच्या केसांत अडकला होता. तिला ठाऊकही नव्हते.

बायकांत कुजबुज उठली. अनसूयेने वळून पाहिले. "गोजरे! केसांतलं काढ ते. चारचौघींत शोभतं का?"

गोजराचा हात दचकून डोक्याकडे गेला. कानांच्या पाळ्यांपासून गळ्यापर्यंत ती लाल झाली. "चुकून अडकला, आत्याबाई. मला कळलंच न्हाई."

कळलंच न्हाई, कळलंच न्हाई, ती पुटपुटत राहिली. तुरा टाकावा कुठे, हेही तिला सुचेना. चोरीचा ऐवज लपवावा तशी तिने मूठ मिटली.

राणोजी पाहत होता. त्याच्या सुरकुतल्या कानशिलांत रक्त तापले. प्रीतीच्या एका क्षणाचे त्याने कुंपण होऊ दिले होते. वर्षानुवर्षे कौतुकाने, मिशीत हसत होऊ दिले होते. तो बोलला तेव्हा त्याची नजर मातीत होती.

"अनसूये, त्या दिशी मी तुझ्या केसांत तुरा खोवला, तो तू सवाष्ण म्हणून न्हवं. उन्हाळाभर कावडीनं पाणी तू घातलंस म्हणून."

तो थांबला. "मग यंदाचा तुरा कुणाचा?"

वारा पडला. अनसूयेने आपल्या अंबाड्यातला तुरा सोडवला, भट्टीपाशी गेली, आणि सुनेच्या केसांकडे हात उचलला.

गोजरा एक पाऊल मागे सरली. आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता. "नको, आत्याबाई. आता मागून घेतल्यासारखं हुईल."

उचललेला हात हवेतच राहिला. रिता नव्हता तो, फुलाने भरलेला होता. पण फुलाचाच भार त्याला सोसवेना. अनसूयेची मान झुकली. बांधावर एकीने तुरा काढला, मग दुसरीने, मग साऱ्यांनीच. कुणी कुणाकडे पाहिले नाही.

गोजराने विळा उचलला आणि पहिल्या ओळीत वाकली. तिच्यामागे, न सांगता, साऱ्या वाकल्या. धुके निघून गेले. पूर्वेकडून ऊन आले, कोवळे, तांबूस; आणि खाली घातलेल्या मानांवरून, उघड्या अंबाड्यांवरून, ओशाळ्या पावलांनी सरकत राहिले.