बिडाचं घ्यावं की पाइपाचं

चिखलीच्या इंद्रभानची जुनी विलायती मोटार टॅक्सीला लागली होती. साऱ्या तालुक्यानं तिच्यात बसून घेतलं, बसली नव्हती ती फक्त त्याची माय, जनकाबाई. मोटारीच्या मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या भागाला, तडा गेलेला. गाडी कोसावरून ऐकू येई. "बोंबलत देवाच्या दारी जाऊ काय?" म्हणून माय शेगावला एसटीनं जाई, आणि स्टँडवरचे ड्रायव्हर इंद्रभानला टोमणे मारत.

पुंजाजी मिस्त्रीनं दोन वाटा सांगितल्या. "लोखंडी पाइप जोडून देतो. टणटण वाजतीन, पण फुटनार नाहीत. नाहीतं जुनं बिडाचं शोध. ते आवाज गिळते, पण ठिसूळ जात हाये भाऊ."

ठिसूळ तर ठिसूळ, मायला बसवायचं होतं! मग सुरू झाला वनवास. खामगावला मिळालं त्याची भोकं जुळेनात. मलकापूरला जुळलं ते आधीच फुटकं. सल्ले फुकट मिळत, वस्तू कोणाजवळ नाही. इंद्रभानचं डोकं भणाणून गेलं. शेवटी अकोल्याच्या भंगारात एक सापडलं, ते त्यानं तान्ह्या लेकरासारखं मांडीवर घेऊन आणलं.

गुरुवारी सकाळी इंजिन चांगलं तापवून त्यानं मायला हाक मारली. गाडी नुसती घुरघुरत होती. मायचा चेहरा खुलला.

"नवं काय बसोलं? दाखव."

त्यानं तोऱ्यात बॉनेट उघडलं. मायनं दगडावर नारळ फोडला आणि तो हां हां म्हणेस्तोवर सगळं पाणी भक्तिभावानं मॅनिफोल्डवर ओतलं.

टण्ण! तापलेलं बीड वीतभर उललं आणि मोटार पुन्हा बोंबलू लागली.

बॉनेटवर डोकं आपटून घ्यावं, असं इंद्रभानला झालं. एवढी पायपीट, एवढी मिनतवारी, सगळी एका नारळात गेली! तो ओरडणारच होता.

"माह्या हातानं झालं काय रे?" मायनं घाबरून विचारलं.

त्यानं राग गिळला. "नाही व माय. जुनंच होतं ते. आधीच चिरलेलं असन."

"तं पाहून काऊन नाही आणलं?" माय कडाडली. "एवढा हिंडला अन् फुटकं घेऊन आला! सर बाजूले, मी एसटीनं जातो."

त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून ती निघाली. लेकाला कशाचीच पारख नाही, हे ती गल्लीत भेटेल त्याला सांगत होती. ते ऐकू येऊ नये म्हणून इंद्रभाननं मोटार तशीच बोंबलत ठेवली.