माझ्या डोळ्यावरची टिकली

मी एक जुना वेबकॅम आहे, वैजयंती मॅडमच्या संगणकावर कपड्याच्या चिमट्यासारखा बसलेला. बघायला एक डोळा आणि ऐकायला पोटात बारीकसा माइक, एवढाच माझा संसार. मित्रांनो, माझी कहाणी मोठी नाही. पण मधले काही महिने मी आंधळा होतो, तेवढे सांगण्याजोगे आहेत.

माझा जन्म कुठे झाला ते खोक्यावर लिहिले होते, आणि खोके पहिल्याच दिवशी रद्दीत गेले. सोलापूरच्या नवी पेठेतून मला विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात आणले. मॅडम तिथून एम.ए.च्या मुलांना संध्याकाळी ऑनलाइन शिकवत. कुणी बार्शीहून जोडला जाई, कुणी मैंदर्गीहून. कुणाच्या घरी कानडी, कुणाच्या घरी तेलुगू. म्हणून मॅडम उच्चार फार निगुतीने शिकवत. जीभ दातांत धरून दाखवत, ओठांचा चंबू करून दाखवत. मी ते सारे इमानेइतबारे पोहोचवत असे. विभागप्रमुख चनमल्लप्पा सर म्हणायचे, "मॅडम, कॅमेरा लई झकास आहे की तुमचा!" कॅमेऱ्याला छाती नसते, तरी माझी फुगायची.

मग एकदा रेंज गेली आणि मॅडमचे चित्र जीभ बाहेर असतानाच गोठले. कुणीतरी त्याचा फोटो काढला. तो मुलांच्या ग्रुपवर हुंदडून शेवटी मॅडमच्याच फोनवर आला. त्या कुणाला रागावल्या नाहीत. कपाळावरची टिकली काढली आणि माझ्या डोळ्यावर चिकटवली. "यापुढे नुसता आवाज पुरे," एवढेच म्हणाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! मला वाईट वाटले, पण मला कोण विचारतो?

त्यानंतर मी नुसता ऐकू लागलो. वर्गात सिद्धाराम नावाचा एक विद्यार्थी होता. पूर्वी तो उत्तरे चटाचट लिहून पाठवायचा. आता हजर रोज, पण उत्तर एकही नाही. "नाव लावून झोपतो मेला," मॅडम पुटपुटत. तोंडी परीक्षा जवळ आली तेव्हा त्यांचा धीर सुटला. मोठ्याने म्हणत त्यांनी त्याला चॅटवर लिहिले, "आत्ताच्या आत्ता माइक लावून बोल. नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही. वर्ष वाया जाईल तुझे."

माइक लागला आणि खोलीत खडखडाट घुसला. यंत्रमाग!

"मॅडम, एमआयडीसीत हाय मी, टॉवेलच्या कारखान्यात!" सिद्धाराम ओरडत होता. "पाळी चालू हाय. हितं कायबी ऐकू येत न्हाय!"

"मग वर्गात येतोस कशाला?" मॅडमनी विचारले. तेही त्याला ऐकू गेले नाही. तो आपला ओरडतच राहिला.

"आमी हितं एकमेकाची तोंडं बघूनच बोलतो, मॅडम. तुमचं तोंड दिसत हुतं तवर समदं कळत हुतं. आता रोज लावून बसतो, आज तरी दिसाल म्हणून!"

मॅडम काहीतरी लिहू लागल्या. कीबोर्डच्या कळांचा आवाज आला आणि थांबला. मग माझ्या काचेवर नख घासले आणि एकदम उजेड झाला. कितीतरी दिवसांनी मी त्यांना पाहिले. डोळे भरले होते त्यांचे.

कोण फोटो काढतो, कोण हसतो, त्यांनी बघितले नाही. तोंड माझ्याजवळ आणले, जीभ दातांत धरली आणि इंग्रजीत एक प्रश्न विचारला. खडखडाटातून इंग्रजीतच उत्तर आले, गावाकडच्या हेलात, पण नेमके.

मित्रांनो, टिकलीचा गोंद अजून माझ्या काचेवर आहे. जमले तर पुसा. राहिला तरी तक्रार नाही. फक्त कुणाचा डोळा झाकण्याआधी पलीकडे कोण वाट बघत बसले आहे, तेवढे विचारा.

त्या संध्याकाळी शेवटी मॅडमनी नुसते ओठ हलवले, 'परीक्षेला ये'. माझ्या माइकला एक अक्षरही ऐकू आले नाही.

"व्हय मॅडम," कारखान्यातून आवाज आला, "येतो की!"